गांव तेथेंच, जिल्हा निराळा

ज्या घराण्यांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे कागद लाल फडक्यांत बांधून माळ्यावर जपून ठेवलेले असतात, त्या घराण्यांतील मंडळींस एक अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. एखादें गहाणखत किंवा वांटणीपत्र उलगडावें. गांवाचें नांव ओळखीचें, शेताच्या चतुःसीमा पुष्कळ अंशीं ओळखीच्या. परंतु 'जिल्हा' या शब्दापुढें जें नांव असावें तें मात्र भलतेंच! घरांतील कोणी तरी म्हणतें, कारकुनानें चुकून लिहिलें असेल. बहुधा ती चूक नसते. ज्या जिल्ह्याला आपण डोंगरासारखा किंवा नदीसारखा अचल समजतों, तो वऱ्हाडांत तरी गेल्या पावणेदोनशें वर्षांत कितीदां जन्मला, कितीदां नांव पालटून बसला आणि कितीदां नाहींसा झाला, याचा हिशेब या खेपेस वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

हिशेब मांडावयाचा तर एखादें स्थिर ठिकाण धरून चालावें लागतें. आम्ही बीबी हें गांव धरतों. मेहकराहून निघून सुलतानपूर मागें टाकलें आणि सिंदखेडराजाच्या दिशेनें चाललें, कीं वाटेवर हें गांव लागतें. आज तें बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत आहे. बीबी राजधानी नव्हे, क्षेत्र नव्हे, कीं मोठी पेठही नव्हे. आणि म्हणूनच तें आमच्या उपयोगाचें. राजधान्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. कचेरी ज्याच्यापासून नेहमीं दूरच राहिली, अशा गांवावरून किती जिल्हे येऊन गेले हें पाहाणें अधिक उद्बोधक होईल.

अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें नोंदलीं आहेत, त्यांत मेहकर हें एक आहे आणि वाशीम हें दुसरें. सरकार म्हणजे आजच्या बोलींत जिल्हाच म्हणाना. त्याच्या पोटांत महाल किंवा परगणे, आणि परगण्यावर देशमुख-देशपांड्यांची जोडी. तेव्हां मेहकराचा जिल्ह्याचें ठाणें होण्याचा हक्क इंग्रजांच्या कृपेनें निर्माण झालेला नसून तो निदान सवाचारशें वर्षांचा जुना आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों. पुढें त्याचें काम पडणार आहे.

याच मुलखांत साखरखेर्डा म्हणून गांव आहे. तेथें १७२४ च्या आक्टोबर महिन्यांत निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला व दक्षिणेंत आपली स्वतंत्र सत्ता कायम केली. हैदराबादचें राज्य ज्या रणांगणावर खरें ठरलें तें बीबीपासून फार लांब नाहीं, ही गोष्ट आमच्या शाळांतील किती मुलांस ठाऊक असेल कोण जाणे! पुढें निजाम आणि नागपूरकर भोसले यांची वऱ्हाडांत दुअंमली सुरू झाली. जमीन एक, पीक एक, आणि वसुलास येणारे दोघे. १८०३ सालीं आसई व अडगांव येथील लढाया होऊन डिसेंबरांत देवगांवचा तह झाला. भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडून दिला, आणि सबंध वऱ्हाड एकट्या निजामाचें झालें. एका धन्याखालीं रयत सुखी झाली असेल असें मात्र कोणीं समजूं नये. सरकारचें देणें भागविण्यासाठीं सावकारांच्या पेढ्यांस परगण्यांचा वसूल लावून देण्याची रीत पडली होती, आणि जो सावकार वसूल करावयास येतो तो पुढच्या सालाचा विचार करीत नसतो.

२१ मे १८५३ रोजीं निजामानें आपल्या तैनाती फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड कंपनी सरकारकडे लावून दिलें. येथून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते. इंग्रजांनीं या नव्या प्रांताचे प्रथम दोनच जिल्हे पाडले : उत्तर वऱ्हाड, याचें ठाणें बुलढाणें, आणि दक्षिण वऱ्हाड, याचें ठाणें हिंगोली. कांहीं वर्षांतच ही मांडणी मोडून पूर्व आणि पश्चिम अशी दुसरी मांडणी झाली. पूर्वेची कचेरी अमरावतीस, पश्चिमेची अकोल्यास. म्हणजे बीबीच्या कुणब्याला वरिष्ठ दरबारीं दाद मागावयाची झाल्यास घाट उतरून थेट अकोल्यापर्यंत जाणें आलें. बैलगाडीचा प्रवास, वाटेंत मुक्काम, बरोबर साक्षीदार, आणि त्या साक्षीदारांच्या शिधासामग्रीचा खर्च! वांटणीच्या एका दाव्यापायीं घर कसें बसतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या अंतराचा अर्थ फोडून सांगावयास नको.

बहुधा याच गैरसोयीचा कांहीं परिणाम होऊन १८६४ सालीं अकोल्यापासून नैर्ऋत्येकडील प्रदेश तोडून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. त्यास प्रथम 'नैर्ऋत्य वऱ्हाड' असें नांव दिलें होतें. हें नांव कागदावर दिशा दाखविण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचें नव्हतें. पुढल्याच वर्षीं तें जाऊन 'मेहकर जिल्हा' हें नांव आलें. मेहकर, चिखली आणि मलकापूर हे त्याचे तालुके. बीबी मेहकर तालुक्यांत, आणि जिल्ह्यालाही मेहकराचेंच नांव. अकबराच्या वेळचें जुनें नातें पुन्हां जुळलें. कचेरी एका दिवसाच्या वाटेवर असण्याचा योग बीबीच्या नशिबीं या एवढ्याच काळांत आला.

तो टिकला दोन वर्षें. १८६७ सालीं ठाणें बुलढाण्यास गेलें आणि जिल्हाही बुलढाणा झाला. मेहकराच्या हातून हा मान कां गेला, याची कारणें शोधावयास फार खोल जाण्याचें कारण नाहीं. बुलढाणें घाटमाथ्याच्या अगदीं कडेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहूनही अधिक उंच; उन्हाळा तेथें वऱ्हाडच्या मानानें पुष्कळच सुसह्य. शिवाय १८५३ मध्येंच तेथें एकदां ठाणें झालेलें. त्याच सुमारास घाटाखालून आगगाडीचा लोहमार्ग नागपुराकडे निघाला होता, आणि मलकापूरचें स्टेशन बुलढाण्यास जितकें जवळ तितकेंच मेहकरास दूर. साहेबास हवा मानवली, टपाल लवकर मिळूं लागलें. मेहकर तालुक्यांतील दावेदार मात्र पुन्हां दूर पडला. आमच्या मतें या एका बदलांत जिल्हा म्हणून जी वस्तु आहे तिचें मर्म सांपडतें. ठाणें कोठें असावें हें ठरवितांना वरून येणाऱ्या हुकमाचा रस्ता आधीं मोजला जातो, खालून जाणाऱ्या अर्जाचा मागून. आणि पुष्कळदां तो मोजलाही जात नाहीं.

मेहकर या आघातानें ओस पडलें असें मात्र झालें नाहीं. तालुक्याची कचेरी राहिली, बाजार राहिला, पैनगंगाही होती तशीच वाहात राहिली. १८८८ सालीं तेथें शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति सांपडली, आणि साहेबाची कचेरी गेल्यानंतर वीसएक वर्षांनीं देवाचा दरबार भरूं लागला! या दरबारांत जाणाऱ्यांची संख्या कचेरींत जाणाऱ्यांपेक्षां अधिक झाली, हें आम्ही कोणतेंही कोष्टक न पाहतां सांगूं शकतों.

मेहकराचा जिल्हा दोन वर्षांचा म्हणून त्याचें दुःख कोणास फारसें आठवत नाहीं. वाशीमची कथा तशी नव्हे. अकोल्यापासून वेगळें होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १८७५ सालीं झाला. वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. क्षेत्रफळ २,९४९ चौरस मैल. हें तेंच वाशीम, ज्यास प्राचीन काळीं वत्सगुल्म म्हणत आणि जेथें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथेंच उजेडांत आला. त्यास जिल्ह्याचा मान मिळणें यांत नवल कांहींच नव्हतें. तीस वर्षें तेथें डेप्युटी कमिशनराची कचेरी, खजिना, न्यायालयें, तुरुंग असा सगळा संसार थाटून राहिला. तीस वर्षें म्हणजे एका पिढीची उमेद. कारकुनांनीं घरें बांधलीं असतील, वकिलांनीं अशिलांची बैठक जमविली असेल, मुलांच्या शाळेकडे पाहून खेड्यांतलीं कुटुंबें गांवांत येऊन राहिलीं असतील.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ चा आणि त्यामागून १८९९-१९०० चा. १९०१ च्या खानेसुमारींत या जिल्ह्याची वस्ती ३,५३,४१० भरली. दहा वर्षांपूर्वींच्या मानानें ती शेंकडा ११ नें खालीं आली होती. दर नऊ माणसांत एक कमी, असा हा हिशेब. आणि याच सुमारास वरच्या बाजूसही मोठी उलथापालथ चालली होती. १९०२ सालीं निजामाशीं नवा करार होऊन वर्षाला २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचें हिंदुस्थान सरकारकडे आलें; १ आक्टोबर १९०३ पासून तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. नवा धनी आला म्हणजे आधीं खर्चाच्या वह्या पाहातो. १९०५ च्या आगस्टांत वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यांत आले. वाशीम व एलिचपूर हे दोन जिल्हे मोडले. वाशीम आणि मंगरूळ तालुके अकोल्यास मिळाले, पुसद यवतमाळास गेलें, आणि एलिचपूर, जें एके काळीं इमादशाहीचें राजधानीचें शहर होतें व १८६७ पासून जिल्ह्याचें ठाणें होतें, तें अमरावतीच्या पोटांत गेलें. यवतमाळाचा जिल्हा स्वतः देखील कांहीं काळ 'वणी' या नांवानें ओळखला जात होता, हें येथें जातां जातां सांगून ठेवतों. जुन्या कागदांत तेंही नांव भेटतें.

बीबीस या फेरबदलाचा प्रत्यक्ष धक्का लागला नाहीं. तिचा तालुका तोच, ठाणें तेंच. पण तिच्या जिल्ह्याचें रूप पार बदललें. अकोल्याकडून खामगांव आणि जळगांव हे दोन तालुके बुलढाण्यास जोडले गेले. तेव्हांपासून जिल्ह्याचे दोन स्वभाव झाले. बुलढाण्याकडील मंडळी आजही 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी निवड करतात, आणि सोयरीक जुळवितांना हा शब्द बायकांच्या तोंडीं आधीं येतो. घाटाखालीं काळीभोर जमीन, कापूस, आगगाडी आणि खामगांवसारखी नामांकित बाजारपेठ; पाणी पूर्णेंतून तापीकडे. घाटावर उंचसखल रान, लांब लांब गांवें. पाणी पैनगंगेंतून गोदावरीकडे. पश्चिम समुद्र आणि पूर्व समुद्र यांकडे तोंड करून बसलेले दोन प्रदेश एका कचेरीच्या दोरीनें बांधले गेले. ती दोरी सव्वाशें वर्षें टिकली हें खरें, परंतु खामगांवचा वेगळा जिल्हा करा ही मागणी ज्यांच्या कानांवर येते, त्यांनीं तिचें मूळ १९०५ च्या त्या हुकमांत पाहावें.

बीबीच्या बाबतींत याहूनही मोठी एक सीमा होती, आणि ती जिल्ह्याची नव्हती. गांवापासून थोडें दक्षिणेस किंवा पश्चिमेस गेलें कीं निजामचा मुलूख लागे. इकडे इंग्रजी अंमल, तिकडे हैदराबादचा. इकडे एक नाणें, तिकडे हाली शिक्का. इकडे शाळेंत मराठी, तिकडे कचेरींत उर्दू. भाषा, कुळाचार, देवदेवता आणि लग्नसंबंध यांत मात्र तिळाएवढा फरक नव्हता. कागदोपत्रीं तर वऱ्हाडही निजामचेंच होतें, निजामाच्या युवराजास पुढें 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीही मिळाली. पण ज्या सासुरवाशिणीला माहेरीं जातांना नाक्यावर गाडी थांबवावी लागे, तिला हें सार्वभौमत्व कसें समजावून सांगावें? १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थानाचा प्रश्न सुटला, १९५६ सालीं वऱ्हाड व मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यांत आलीं, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. राज्याराज्यांतील सीमा अशी पुसली गेली. जिल्ह्याची रेघ मात्र जेथल्या तेथें राहिली. तिच्या पलीकडचा भाग १९८१ पासून जालना जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि पुढें मेहकर तालुक्यांतून लोणार तालुका वेगळा निघाल्यावर बीबीचा तालुकाही बदलला.

मेलेला जिल्हा पुन्हां उठतो काय? वाशीम उठला. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन तो पुन्हां जिल्हा झाला. तब्बल ९३ वर्षांनीं. परंतु उठला तो जसाच्या तसा नव्हे. पुसद यवतमाळाकडेच राहिलें, आणि जुन्या वाशीम जिल्ह्यांत नसलेलें कारंजें नव्यांत आलें. या पुसदकरांची स्थिति मोठी चमत्कारिक आहे : ज्या जिल्ह्याशीं त्यांचें जुनें नातें, तो जिवंत झाला, पण ते त्यांत नाहींत, आणि आतां त्यांची मागणी आहे ती स्वतःच्याच स्वतंत्र जिल्ह्याची. अचलपूरकरांचीही तशीच. एकदां ठाणें होऊन गेलेलें गांव तें कधीं विसरत नाहीं असें दिसतें.

हें वऱ्हाडचेंच वैशिष्ट्य आहे असें मात्र नाहीं. जर्मनींत आपल्या जिल्ह्यासारखा जो ग्रामीण विभाग असतो, त्यास तिकडे लांटक्राइस म्हणतात. पश्चिम जर्मनींत १९६७ ते १९७८ या काळांत काटकसर आणि सुव्यवस्था यांच्या नांवानें त्यांची मोठी छाटणी झाली. ४२५ होते त्यांचे २३७ उरले. त्यांत व्हेट्सलार नांवाचा जुना जिल्हा गेला. या गांवीं १८०६ पर्यंत जर्मन साम्राज्याचें सर्वोच्च न्यायालय भरत असे, तेव्हां त्याचा अभिमान आपल्या वाशीमकरांपेक्षां कमी नव्हता. १९७७ सालीं सरकारनें व्हेट्सलार आणि शेजारचें गीसेन हीं दोन शहरें एकत्र करून त्यांचें 'लान' या नदीच्या नांवाचें एकच शहर बनविलें. लोकांनीं इतका गिल्ला केला कीं १९७९ सालीं तें शहर मोडावें लागलें! जिल्हा मात्र परत आला नाहीं. तेथें मोटारगाडीच्या पाटीवर जिल्ह्याचीं आद्याक्षरें असतात. जिल्हा बुडाला कीं अक्षरेंही बुडत. २०१२ सालीं सरकारनें जुनीं अक्षरें लावण्यास परवानगी दिली, आणि छत्तीस वर्षांपूर्वीं नाहींशा झालेल्या जिल्ह्याचीं अक्षरें व्हेट्सलारच्या रस्त्यांवर पुन्हां धावूं लागलीं. कित्येकांचा जन्मही त्या जिल्ह्याच्या हयातींत झालेला नसेल. आपल्याकडे बुलढाण्यास २८, अकोल्यास ३० आणि वाशीमला ३७ असे आंकडे आहेत; आंकड्यावर अक्षराइतकी माया जडते कीं काय हें तरुण मंडळींनींच सांगावें.

नव्या जिल्ह्यांच्या मागणीविषयीं आमचें मत कोणीं विचारल्यास आम्ही इतकेंच म्हणूं, कीं पाटी कोणत्या गांवावर लागते याहून न्यायालय, खजिना आणि मोठें रुग्णालय शेवटच्या खेड्यापासून किती दूर राहातें हें आधीं पाहावें. जुन्या ठाण्याचा अभिमान हा खरा असला तरी तो ठाण्यांत राहाणाऱ्यांचा असतो. बीबीसारखें गांव कोणत्याही मांडणींत कडेलाच पडतें. एखादें गांव कडेला पडणार हें खरें, पण मग त्याच्यासाठीं निदान तालुक्याच्या ठिकाणीं तरी पुरेशी सोय हवी. आज बीबीवरून जालन्याकडे व मेहकराकडे पक्का रस्ता आहे, एस. टी. आहे, जवळून समृद्धि महामार्ग गेला आहे. अकोल्याच्या बैलगाडीच्या वाटेशीं त्याची तुलनाच नाहीं. परंतु तारखेवर तारीख पडूं लागली म्हणजे मोटारीचें भाडेंही साक्षीदारांच्या शिध्याइतकेंच जड होतें.

आतां ज्यांच्या माळ्यावर कागद आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. मेहकर, चिखली, मलकापूर या भागांतील कागदावर 'जिल्हा मेहकर' असें असेल तर तो १८६५ ते १८६७ या दोन वर्षांतला समजावा व पुढचा शोध बुलढाण्याकडे करावा. 'जिल्हा वाशीम' असें असून साल १९०५ च्या आंतलें असेल, तर आधीं तालुका वाचावा : तालुका पुसद असल्यास यवतमाळाकडे चौकशी सुरू करावी, वाशीम किंवा मंगरूळ असल्यास अकोला आणि वाशीम या दोन्ही ठिकाणीं पाहावें. खामगांव किंवा जळगांव तालुक्यांतील त्याच काळच्या कागदावर 'जिल्हा अकोला' आढळल्यास तेंही बरोबरच आहे. 'जिल्हा एलिचपूर' म्हणजे अमरावती, आणि 'जिल्हा वणी' म्हणजे यवतमाळ. कागद फडक्यांत परत बांधण्यापूर्वीं आजच्या जिल्ह्याचें व तालुक्याचें नांव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती आंत ठेवावी. मूळ कागदावर कांहीं लिहूं नये.